जावयाच्या गाडीचं पॉलिश

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या शेजारच्या बाबलभाऊंना जावयावर छाप पाडायची होती. लग्नानंतर पहिल्यांदाच आलेले जावई मासे जेवून आडवे झाले, तसं भाऊंनी नवं पॉलिशचं मशीन काढलं. जावयाच्या काळ्या कोऱ्या गाडीवर तांबडी धूळ तशीच होती.

मी कुंपणावरून ओरडले, "भाऊनू, आधी धूळ धुवा! ती काचपेपरासारखी घासतली."

"माका शिकवू नको गो. मोबाईलार सगळा बघलंय."

घरघर ऐकून जावई बाहेर धावले. दरवाजाभर चकल्यांसारखे गोल गोल ओरखडे! पण सासऱ्याला बोलणार कसं? म्हणाले, "छान झालीय, बाबा."

भाऊ ऐटीत माझ्याकडे वळले. "ऐकलंस मा? आता दुसरी बाजू करतंय."