भोजनगृहातलं टेबल

चीनमधल्या आमच्या गावात सगळ्यांच्या चुली एक करून काढलेल्या कम्यूनच्या भोजनगृहात पेजेच्या रांगेत मी छ्वी म्हातारीच्या मागेच होते. तिने वाडगा टेबलावर आपटला आणि गटप्रमुख श्यूला धारेवर धरलं.

"मेल्या, हे टेबल माझी शवपेटी मोडून केलंत, या तिच्याच फळ्या! तुमच्या क्रांतीच्या लढाईला जाण्याआधी लेकाने माझ्या मरणासाठी आधीच करून ठेवली होती पेटी. तो परतलाच नाही."

"आजी, आता सगळं सगळ्यांचं."

"मरणसुद्धा?"

"चटईत गुंडाळून पुरू तुम्हाला. काय बिघडतं?"

"तुझ्या आईची पेटी कुठाय?"

"ती... घरी आहे."

"का रे? ती सगळ्यांची नाही?"

"रांग अडवू नका!"

"नाही अडवत. मी मेले की मला याच टेबलावर ठेव, आणि शेजारी बसून पेज ओरप."

त्या दिवशी अख्ख्या रांगेने उभ्यानेच पेज प्यायली.