चार उजव्या बाह्या

हसा, हसा! ऐन मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, लालबागेतून एक माणूस काखेत लोकरीच्या बाह्या मारून चाललाय म्हटल्यावर तुम्ही हसणारच. आणि नीट बघा, चारही उजव्या! डाव्या आहेत हो… चार माणसांच्या स्वेटरांना लागलेल्या आहेत! पण असं मधूनच कळायचं नाही, पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला सांगतो, सगळा दोष त्या सुट्टीचा. म्हणजे माझाच, पण सुट्टीत झालेला. माझं शिक्षण अल्मोड्याकडच्या आश्रमशाळेत. लहानपणीच वडिलांनी तिकडं नेऊन सोडलं, आणि मिसरूड फुटल्यावर परत आलो तो देशभक्ती आणि विणकाम शिकून. तिथं मुलगेसुद्धा विणतात! आमच्या चाळीत हे सांगून बघा! गॅलरीत सुया घेऊन बसलो की खालून हाक, "काय हेरंबराव, बाळंतविडा कुणाचा?" मी म्हणायचो, श्रमाला लाज कसली? आणि हट्टानं विणायचो. खोड फक्त एकच… दुसरा नग माझ्या हातून होत नाही. वडिलांना मोजे विणले, त्यातला एक झाला. दुसऱ्याचं विचारलं की माझं उत्तर तयार, "झालंच, थोडंच राहिलंय!" वडील अजून एकाच पायात मोजा घालतात. आईची शाल रुमालाएवढी झाली आणि थांबली. झालंच, थोडंच राहिलंय!

तर अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात. चाळीच्या सभेत अण्णांनी, म्हणजे आमच्याकडचं समितीचं सगळं बघतात ते मास्तर, जाहीर केलं की मुंबईसाठी दिल्लीला सत्याग्रहाला आपल्या इथून चार माणसं जाणार, तीही डिसेंबरात. झालं, मी उठून उभा! "अरे, दिल्लीची थंडी ठाऊक आहे का तुम्हाला? हाडं वाजतात! मी विणीन स्वेटर! चौघांनाही! स्वतःच्या हातांनी!" काय टाळ्या पडल्या हो… टाळ्या हीच माझी दुसरी खोड.

त्या चौघांत आमच्या शेजारचे राजारामदादा. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात जन्म गेलेला, छातीत नुसता कापूस, चौपाटीच्या वाऱ्यानंसुद्धा खोकणारा माणूस. कौसल्यावहिनींनी त्यांच्यासाठी आपल्या भावाचा जाड कोट मागून आणला होता. मी काय म्हणालो असेन? "वहिनी, तो विलायती कोट परत करा! महाराष्ट्रासाठी जाताना अंगावर साहेबाचं कापड?" बिचारीनं त्याच दिवशी परत केला. हे लक्षात ठेवा. कोट होता, आणि तो मी परत करायला लावला!

मग दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या गुरुजींना भेटायला अल्मोड्याला गेलो आणि लोकर घेतली. किती घेतली विचारू नका. सुट्टीत, लोकरीच्या दुकानात, माणसाला आपल्याला दोनच हात आहेत हे आठवत नाही! ही तपकिरी दादांना, ही राखी आनंदाला, ही हिरवी कोंडीरामला, ही रघुवीरला, आणि ही कुणाला नाही पण ठेवून कशी यायची? दुकानदार म्हणतो, "बाबूजी, दुकान खोल रहे हो क्या?" ट्रंकेला मेंढीचा वास… आई म्हणाली, "जनावर आणलंस की काय रे?"

आता विणायचे कसे? तुम्ही म्हणाल एकेक पुरा करावा. तेच तर! माझं तत्त्व आडवं आलं. एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून? समतेच्या चळवळीत? छे! आधी चौघांच्या पाठी विणल्या. मग चौघांची छाती. मग चौघांच्या डाव्या बाह्या. समितीत लाल बावटेवाले आहेत, म्हटलं डावीला पहिला मान! रोज वहिनी दारात, "भावजीनू, झालो काय ओ सेटर?" "झालाच वहिनी, थोडंच राहिलंय!" पलीकडच्या चाळीतला आनंदा तर हात जोडून म्हणाला, "हेरंबराव, समता आम्हाला शिकवू नका. पण ती पांघरण्यात असू दे हो, कुडकुडण्यात नको!"

गाडीचा दिवस उजाडला… आणि चार स्वेटरांना चार बाह्या. आठ नव्हे, चार!

बोरीबंदरावर हार, घोषणा, तुताऱ्या, आणि त्यात आमचे चार वीर, डावा हात उबेत, उजवा उघडा. राजारामदादा मला म्हणतात, "मरांदे रे, चलतला!" आणि वहिनींनी बरोबर आणलेलं आपलं जुनं लुगडं टर्रकन फाडलं आणि दादांच्या उजव्या हाताला गुंडाळलं. एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं हो! गाडी हलली आणि मी घरी येऊन जो बसलो तो आठवड्यात चारही उजव्या बाह्या संपवल्या. ह्याच त्या. आयुष्यात पहिल्यांदा दुसरा नग झाला, आणि घालणारे दिल्लीला!

पण खरी गंमत पुढं! दिल्लीत एका वार्ताहरानं दादांना विचारलं, "भाई, दूसरी आस्तीन किधर है?" आणि दादांनी उघडा हात वर करून ठोकून दिलं, "बम्बई के बिना महाराष्ट्र ऐसाच है! संयुक्त महाराष्ट्र होएगा तब्बीच दुसरा बाही लगाएगा!" बाकीच्या तिघांनी तिथंच शपथ घेतली. परत आल्यावर मी विचारलं, "दादा, असं का सांगितलंत?" तर म्हणतात, "मग काय सांगू? आमच्या हेरंबाक येळ गावलो नाय म्हणान?"

परळच्या मैदानात सभा झाली. कल्पक कार्यकर्ता म्हणून माझा सत्कार! शाल आणि नारळ! शाल बघितली मी उलटून… पुरी विणलेली होती, चारी कडांनी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं तर लोक म्हणाले, काय विनय आहे मुलाचा!

तेव्हापासून दोन हिवाळे गेले. मुंबईचे का होईनात! दादा शपथेला जागून तोच स्वेटर घालतात, आणि वहिनी रोज संध्याकाळी त्यांच्या उजव्या हाताला तेल चोळतात. "अजून गार लागता ओ हात," म्हणतात, आणि माझ्याकडं बघतात. बघतात फक्त.

परवा महाराष्ट्र झाला! दिवे, गुलाल, पेढे… सगळी चाळ गच्चीवर आणि मी मात्र सुई, लोकर आणि ह्या बाह्या घेऊन धावत दादांच्या दारात! दादा स्वेटर घालून हात पुढं करून बसले, वहिनींनी दिवा जवळ धरला, मी पहिला टाका घालणार… एवढ्यात मागून अण्णांचा आवाज. "थांब! बेळगाव आलं का? कारवार? निपाणी? संयुक्त म्हणजे संयुक्त! शपथ म्हणजे शपथ!"

दादांनी हात मागं घेतला हो! मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अण्णा, पण बेळगाव कधी येणार?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "झालंच रे, थोडंच राहिलंय!"

म्हणून म्हटलं, ह्या पुन्हा ट्रंकेत ठेवायच्या आहेत… इकडं डांबराच्या गोळ्या कुठं मिळतात हो? जरा जास्तच घेतो.