पान्हा

शिंदखेड्याच्या गुरांच्या दवाखान्यात नूर महंमद शेळी घेऊन सकाळपासून बसला होता. शेजारी झुंबरबाई गाय धरून उभी होती, लुगड्यावर पुरुषी सदरा घातलेली. रांगेत तिच्यामागचे पुना आबा तिला विचारत होते.

"काय व्हयनं गायले?"

"पान्हा सोडत नही, आबा. हात लावू देत नही."

"आधी कोन धार काढे?"

"वासरू मरनं, तवयपासून मना मालकच काढेत. ते आखाजीना सनले वारनात. मंग मी त्यासना सदरा घाली बठनू. पंधरा दिन दूध दिन्हं तिनी."

"मंग आते?"

"मन्ही जाऊबाईनी काल सदरा धुई टाका."

"घरमा त्यासनं बिनधोयेल काहीच नही?"

"टोपी शे."

"मंग ती घाल ना, पोरी."

"ती मी उशाखाले ठेवस. गोठामा घाली गऊ त तिना बी वास जाई."

"गाय आटी जाई, बाई."

"माले म्हाईत शे."

शिपायानं नूर महंमदचं नाव पुकारलं. त्यानं शेळी मागं ओढली.

"यांची गाय आधी घ्या."

झुंबरबाईनं कासरा हाताला गुंडाळला.

"पहिले डॉक्टरनी सुई दखसू, आबा. टोपीनं मंग."