वळणावरचा ठक्

संचिता : आला ना? आत्ता आला. ऐकलात, बाबा?

धोंडू : ऐकलंय. फुडल्या चाकाचा बेअरिंग.

संचिता : मघाशी कुडाळला तुम्ही गिअरबॉक्स म्हणालात.

धोंडू : तेव्हा तो गिअरबॉक्साचो आवाज होतो.

सुभद्रा : म्हणजे गाडयेत दोन आवाज आसत?

धोंडू : तू मागे बसलंस मा, थंयच गप बस. भाताची गिरण चालवलंय मी. पट्टो तुटूच्या आधी माका कळायचा.

सुभद्रा : कळायचा. आनी मगे तुटायचोच.

संचिता : आई, तुम्हाला मागून नाही ऐकू येत? मला तर डिकीतून आल्यासारखा वाटतोय.

सुभद्रा : डिकीतून? नाय गो बाय. फुडसूनच येता.

धोंडू : फुडसून. शंभर टक्के.

संचिता : लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तुमचं दोघांचं एकमत झालेलं बघतेय. थांबू का? डिकी उघडून बघते.

धोंडू : आता सावंतवाडी गेली. घाट लागतलो. घाटात खंय थांबतंस?

संचिता : बाबा, सोमवारी मला शाळेत रुजू व्हायचंय. रोज हीच गाडी, नेरूर ते बांदा. काल तुमचा लेक सर्वेश जहाजावरून फोनवर काय म्हणाला, ऐकलंत ना? आजच्या फेरीत गाडीनं जरा जरी कुरकुर केली, तर बांद्याला खोली घ्यायची आणि तिथंच राहायचं.

धोंडू : बरोबर सांगल्यान. घे खोली. आमका काय व्हया? आमी काय ल्हान पोरा?

सुभद्रा : होय तर. शनिवारी येवक गावतला. रोज कित्या धावपळ?

संचिता : खरंच असं वाटतं तुम्हाला?

धोंडू : समोर बघ. एसटी येता.

संचिता : दिसतेय मला एसटी. आता नीट ऐका हं. सरळ रस्त्यावर काही नाही. हे डावं वळण आलं. गडगड, गडगड...

सुभद्रा : ठक्!

संचिता : ऐकलंत ना! आता उजवं. गडगड... ठक्. बाबा, बेअरिंगला वळण कुठलं ते कळत नाही. काहीतरी लोळतंय. त्या मोठ्या झाडाखाली दगडी दिवा दिसतोय ना, तिथं जागा आहे. थांबवते.

धोंडू : थंय नको!

सुभद्रा : थंय नको गो!

संचिता : का?

सुभद्रा : डिकीत माजी पिशवी आसा. कोकमाची. सांडात.

धोंडू : स्टेपनी भायर पडात.

संचिता : कोकम सांडू दे, स्टेपनी पडू दे. गाडी मी चालवतेय.

[गाडी झाडाखाली थांबते. डिकी उघडते.]

संचिता : दोघंही या जरा इकडे.

धोंडू : बेअरिंग मा?

संचिता : हो. दोन बेअरिंगं. शेंडीसकट.

धोंडू : दोन?

सुभद्रा : दोन कशे? मी एकच नारळ ठेवलंय!

धोंडू : तू ठेवलंस?

सुभद्रा : म्हणजे तुमीपण?

धोंडू : मी स्टेपनीच्या खळग्यात घट्ट बसवलंय. हलूचो नाय असो.

सुभद्रा : मी फडक्यात गुंडाळलंय. आवाज नको म्हणान.

संचिता : एक खळग्यातून निघाला, दुसरा फडक्यातून. आणि प्रत्येक वळणावर एकमेकांच्या टाळक्यात टाळकं घालत इथवर आले. अगदी घरच्यासारखे! पण नारळ कशाला?

सुभद्रा : ह्या झाडाकडे घाटाचो राखणदार आसा. नव्या माणसान गाडी हाडली काय तेका नारळ देवचो आनी गाऱ्हाणा घालूचा.

संचिता : मग सांगायचं ना! मी काय नको म्हटलं असतं?

धोंडू : येताना मी लघयेक म्हणान उतरणार होतंय.

सुभद्रा : मी उलटी येता म्हणान सांगणार होतंय.

संचिता : अरे देवा! पण एवढं लपवायचं काय त्यात?

सुभद्रा : गाऱ्हाणा मनातल्या मनात घालून चलणा नाय गो. काय व्हया तां मोठ्यान सांगूचा लागता. तुका बांद्याक रव म्हणान सांगतलंव आनी तुज्याच समोर देवाकडे दुसराच मागतलंव? कसा दिसता तां?

संचिता : काय मागणार होतात?

सुभद्रा : तू रोज सांजेक घराकडे इलंस म्हणजे झाला. इतक्याच. तुज्याशिवाय घर खावक उठतला गो.

संचिता : आणि बाबा, तुमचं?

धोंडू : माजा वेगळा. गाडी नीट चालूक व्हयी.

संचिता : फक्त गाडी?

धोंडू : गाडी नीट चालली तर तू सांजेक येतलंस मा.

सुभद्रा : वेगळा म्हणे!

संचिता : तुम्ही दोघं ना... काल रात्रभर मला झोप नाही. मला वाटलं, मी गेलेलीच बरी तुम्हाला. चला, घाला गाऱ्हाणं. मोठ्यांदा. मलापण ऐकायचंय.

धोंडू : रस्त्यार? लोक बघतत.

सुभद्रा : देवळात घालतास तेव्हा आख्खी वाडी ऐकता. घाला ओ! आनी गो संचिता, आमी 'व्हय म्हाराजा' म्हणतंव. तुका येवचा नाय. तुमच्या मिरजेक नसता ह्यां. तू नुसते हात जोड.

धोंडू : बा देवा म्हाराजा! ह्या घाटाच्या राखणदारा म्हाराजा!

सुभद्रा : व्हय म्हाराजा!

धोंडू : आज आमची सूनबाय संचिता गाडी घेवन तुज्या वाटेन जाता...

सुभद्रा : व्हय म्हाराजा!

धोंडू : सोमवारपासून रोज जातली, रोज येतली. खंय चाक अडला, खंय पाऊल चुकला, तर तां तू सांभाळ. आनी तिन्हीसांजेक तिका आमच्या दारात हाडून सोड रे म्हाराजा...

धोंडू : काय गो? म्हण मा.

सुभद्रा : थांबा ओ, डोळे पुसतंय.

संचिता : व्हय म्हाराजा.