आहेरातली दुर्बीण

मी : पुन्हा तेच! अगं खाली देख, खाली! कावळा तिसरी बिबडी घेऊन गेला आणि तू तोंड वर करून उभी. तुले बिबड्या राखायला बसवलं का आभाळ राखायला?

कुंदा : हुसकला की मी, अक्का.

मी : हुसकला म्हणे! बिबडी त्याच्या चोचीत गेल्यावर हुसकला. ज्वारी भिजवा, दळा, घाटा शिजवा, कंबर मोडून एकेक थापा, आणि ही बाई डोळ्याले नळ्या लावून बसली. लोकांच्या सुना आहेरात हंडे आणतात. तुना बापानं दुर्बीण दिली.

कुंदा : हंडेही दिलेत. खाली आहेत, तुम्ही त्यांत बाजरी भरली आहे.

मी : उलटी बोलू नको. आणि हा कठडा? दिवाळीले मी स्वतः चुना दिला. कोळशानं काय काढून ठेवलंस त्यावर? भुतं?

कुंदा : पंख आहेत ते. उडताना खालून कसे दिसतात, शेपटी कुणाची खाचलेली, कुणाची गोल. सारखे विसरते, म्हणून काढते.

मी : लक्षात ठेवून काय मास्तरीण होणार शे?

(शिडी वाजली. हिलालभाऊ वर आला. मना चुलतदीर, त्याच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, आमच्या धाब्यासमोरच, आणि त्याच्यामागं किल्ला.)

हिलाल : रागवा वहिनी, रागवा. मी त्यासाठीच आलो. फक्त तुम्ही पाखरांवरून रागवताय, आणि मामला पाखरांचा नाही.

मी : चपला खाली काढल्या ना? इथं खायच्या वस्तू पसरल्यात. बोला. कोणता मामला?

हिलाल : सांगायला जीभ धजत नाही.

मी : मग उतरा खाली. धजली की या.

हिलाल : तसं नाही. घरची गोष्ट आहे. आमच्या साडूंचा मोतीलाल आलाय, टीव्हीचा अँटेना बसवायला. सकाळी तो धाब्यावर आंघोळ करतो. आणि त्याच वेळेला आपल्या सूनबाई त्या दुर्बिणीतून आमच्या धाब्याकडे बघत असतात. ऐकीव नाही सांगत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रोज.

कुंदा : नाना! काय बोलताय तुम्ही?

मी : तू गप ऱ्हाय. कोण, मोतीलाल? तो पापडासारखा पोऱ्या? त्याले देखायला दुर्बीणच लागंल भाऊ, नुसत्या डोळ्याले तो दिसतो कुठं.

हिलाल : हसण्यावारी नेऊ नका. संध्याकाळी पारावर आपले भाऊबंद जमणार आहेत. चार माणसांत हा विषय निघण्याआधी तुमच्या कानावर घालतोय, ही माझी माणुसकी समजा. तुमचा वना ट्रक घेऊन इंदूरकडे. नवरा बाहेर, आणि बायकोचे धाब्यावर असले चाळे! मी म्हणतो, बोभाटा कशाला? दीपनगरला पाठवून द्या माहेरी. एकदोन महिने.

मी : अशी बोट दाखवून पाठवलेली सून दोन महिन्यांनी परत येत नही. तुमलेबी माहीत, मालेबी माहीत. कुंदा, इकडं ये. समोर उभी ऱ्हाय. हे म्हणतात ते खरं शे?

कुंदा : नाही.

मी : मग तोंड रोज त्यांच्याच धाब्याकडं का? आभाळ तर बठ्ठीकडं शे.

कुंदा : आभाळ सगळीकडे आहे, पण पक्षी किल्ल्यावरूनच चढतात. ऊन तापलं की टेकडीवरची हवा वर उठते. त्या हवेत शिरले की पंखसुद्धा हलवावा लागत नाही, गोल गोल फिरत वर जातात आणि मग तिकडे, उत्तरेला निघून जातात. थंडीत आपल्याकडे आलेले असतात, आता परत चाललेत. आणि किल्ला आहे नानांच्या घरामागे. मी काय किल्ला उचलून दुसरीकडे ठेवू?

मी : जिभेला हाड नही पोरीच्या.

हिलाल : पक्षी, पक्षी! घारी आहेत त्या, वहिनी. उकिरड्यावरच्या घारी. त्या कुठं जातात नि येतात?

कुंदा : सगळ्या घारी नसतात, नाना. त्यांत गरुड असतात, ससाणे असतात. भोवत्या असतो. तो शेतावरून खाली खाली उडतो, पंख जरा उचलून. कॉलनीतले एक इंजिनीयर आम्हा मुलांना हतनूरच्या धरणावर न्यायचे. तिथं बदकं ओळखायला शिकले मी. पण बदकं पाण्यावर बसून राहतात. हे थांबत नाहीत. यांचं मी इथं येऊनच शिकतेय.

मी : कोण शिकवतं?

कुंदा : कुणी नाही. बघते, चुकते, परत बघते.

हिलाल : गोष्ट चांगली रचलीये. मग होऊन जाऊ द्या परीक्षा. आत्ता, आमच्यासमोर. इतके दिवस पाखरंच बघत असेल तर नावं यायला हवीत. आली तर मी कान पकडतो. नाही आली तर काय समजायचं ते तुम्ही समजा.

मी : बरोबर शे. ऐकलंस, कुंदा? नावं आली नही तर पेटी भर. दुपारच्या गाडीनं धुळं, तिथून भुसावळ, तिथून दीपनगर. मी अडवणार नही.

कुंदा : अक्का, ही काय रीत झाली?

मी : मनी रीत. घे दुर्बीण.

हिलाल : ती बघा, बाभळीवरून निघाली. कोण?

कुंदा : घार. शेपटी मधे खाचलेली दिसतेय.

हिलाल : हे आमचा नातू सांगेल.

मी : नातवाले कुणी घराबाहेर काढत नही, म्हणून सांगंल. ते दुसरं, बुरुजाच्या डाव्या अंगाला? मोठं शे चांगलं.

कुंदा : थांबा… नाही सांगता येत.

मी : काय?

कुंदा : सूर्याच्या बाजूला आहे. नुसती काळी आकृती दिसतेय. रंग नाही, शेपटी मिटलेली.

हिलाल : हां.

मी : त्याच्यावर अजून एक शे. ते?

कुंदा : फार उंच आहे.

मी : उंच असू दे. नाव सांग.

कुंदा : नाही माहीत.

मी : कुंदा, तुना संसार टांगलाय त्या पाखराले. नीट देख.

कुंदा : नीटच बघतेय. वळलं असतं तर… गेलं. दिसेनासं झालं. मला नाही कळलं कोण होतं ते.

हिलाल : झालं? आणि मागच्या आठवड्यात ‘गरुड चालला, गरुड चालला’ करून गल्लीतली पोरं गोळा केली होती. मी ओट्यावर बसून ऐकत होतो.

कुंदा : तो गरुड नव्हता.

मी : आं?

कुंदा : घारच होती. उजव्या पंखातलं एक पीस गळालेलं होतं. दुसऱ्या दिवशी तीच उकिरड्यावर उतरली, तेव्हा मला कळलं. पोरांनाही सांगितलं मी, की चुकले म्हणून.

हिलाल : आता तिच्याच तोंडून ऐका! घारीला गरुड म्हणते आणि गरुडाला माहीत नाही म्हणते. वहिनी, अजून काय पुरावा पाहिजे? तुमचा आब जाऊ नये म्हणून सांगतो, दुपारची गाडी चुकवू नका.

मी : बसा, भाऊ. घाई काय शे? त्या बाजेवर बसा. माले जरा पहिल्यापासून समजून घेऊ द्या. पारावर चार जणं विचारतील तर माले सांगता आलं पाहिजे. तुम्ही स्वतः देखलं?

हिलाल : स्वतः.

मी : मोतीलाल आंघोळ करत होता.

हिलाल : करत होता. कमरेला पंचा होता.

मी : आणि हिनं काय नेसलं होतं?

हिलाल : निळी साडी. पदर खांद्यावर, डोक्यावर नव्हता.

मी : हसत होती?

हिलाल : गालात. मी साफ पाहिलं.

मी : तुमच्या धाब्यावरून मना धाब्यावरचं गालातलं हसू दिसलं. आणि तुमच्याकडं तर दुर्बीणबी नही. बरं. हे परवाचं झालं. काल?

हिलाल : कालही. काल तर कितीतरी वेळ उभी होती. मोतीलाल लाजून खाली उतरला.

मी : काल?

हिलाल : कालच.

मी : काल आम्ही दोघी शिंदखेड्याले होतो, ताईबाईच्या नातवाच्या बारशाले. सकाळी पहिल्या गाडीनं गेलो, दिवेलागणीले आलो. जाताना ही शिडी मी घरात आडवी घालून कुलूप लावलं.

हिलाल : काल नसेल, मग परवा असेल. दिवसाचं एवढं काय धरून बसायचं?

मी : तुम्हीच धरलं. पंचा धरला, पदर धरला, गालातलं हसू धरलं. मी विचारलं आणि तुम्ही दिलं, एकदाबी अडला नही तुम्ही. आणि हिले तीन पाखरं विचारली. एकाचं नाव आलं, दोघांचं नही. अहो, इथं तुमले नही कळत, माले नही कळत. तिनं कोणतंबी नाव फेकलं असतं. गरुड म्हणाली असती, ससाणा म्हणाली असती, आपण काय शिडी लावून वर चढलो असतो विचारायला? संसार जायची वेळ आली आणि ही म्हणते माहीत नही. हिले खोटं बोलायला इतकी मोकळी जागा दिली, त्यात हिनं पाऊल ठेवलं नही. ती मोतीलालचं खोटं का बोलंल?

हिलाल : पाखरांवरून माणसाची पारख करता तुम्ही?

मी : तुम्हीच लावली परीक्षा. आता निकाल आवडला नही तर मी काय करू? आणि आता मोकळं बोलते. मोतीलालची बहीण मी वनासाठी केली नही, तो काटा तुमच्या साडूच्या पायात शे आणि कुरूप तुमच्या झालं. तीन वर्षं तुम्ही मना घरचं पाणी घेतलं नही, आज शिडी चढून आलात. मना आब राखायला?

हिलाल : जपून बोला, वहिनी. मी मोठ्या मनानं आलो होतो. पारावर विषय निघाला तर माझा इलाज नाही.

मी : निघू द्या. मीबी येते पारावर. बाया येत नही तिथं, तरी येते. आणि चार जणांसमोर विचारते, की घरात न्हाणी असताना हिलालभाऊचा पाहुणा आख्ख्या सोनगीरसमोर धाब्यावर आंघोळ का करतो? कुणाले दाखवायचं शे त्याले? उतरा आता. तिसरी पायरी ढिली शे, तिथं पाय जपून ठेवा. पडलात तर त्याचंबी नाव मना सुनेवर येईल.

हिलाल : वना परत येऊ द्या. मग बघतो.

मी : बघा. डोळ्याले नळ्या लावून बघा.

कुंदा : गेले.

मी : माले दिसतं.

कुंदा : अक्का, आणि मी घाबरून एखादं नाव घेतलं असतं तर?

मी : तर तू आता पेटी भरत असतीस.

कुंदा : एवढ्यावर?

मी : एवढ्यावर.

कुंदा : हा न्याय नाही. बाजारात बैलाचे दात बघतात तसं केलंत तुम्ही दोघांनी. मी खरं बोलते की खोटं, हे मला न विचारता पाखरांना विचारलंत.

मी : तुले विचारलं होतं. तू नाही म्हणालीस. ‘नाही’ तर बठ्ठेच म्हणतात.

कुंदा : जिभेवर आलं होतं माझ्या. त्या दुसऱ्याला गरुड म्हणणारच होते. म्हटलं, नानांचं तोंड तरी बंद होईल.

मी : मग का नही म्हणालीस?

कुंदा : दिसला नव्हता ना. असेलही गरुड. पण मला दिसला नाही, तर कसं म्हणू?

मी : हं. ते कोण? विहिरीवरून येतंय ते, खालून. बोट नको दाखवू, त्याले कळंल.

कुंदा : कुठं… अगं बाई! भोवत्या! बघा, पंख कसे उचललेत. तपकिरी आहे, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मादी आहे.

मी : हे कसं आलं लगेच?

कुंदा : जवळ आहे, ऊन पाठीमागं आहे. पण दोन जातींपैकी कोणती, ते नाही सांगता येणार. नर असता तर ओळखला असता. नर राखाडी असतात, त्यांचा फरक दिसतो. माद्या दोन्हीकडच्या तपकिरीच, जाणत्या माणसालाही अवघड जातं.

मी : बठ्ठ्यांना एकच लुगडं नेसवलं देवानं. आण ती दुर्बीण.

कुंदा : हे चाक फिरवा. डोळा नका मिटू.

मी : माले शिकवू नको… कुठं शे? नुसतं धुकं… हां. हां. मान हलवते की ही. इकडं तिकडं देखते.

कुंदा : टोळ शोधतेय. लांब जायचंय, खाऊन घेतेय.

मी : गेली. घे तुनी दुर्बीण.

कुंदा : अक्का, तुम्ही आज माझ्यासाठी नानांशी…

मी : तुनासाठी नही. गोड बोलू नको, ते थोरली सून बोलते, तिचं माले पुरतं. ती म्हणते दूध तापवलं, तरी मी पातेल्याले हात लावून देखते. आता ऐक, एकदाच सांगते. तुना हाताले चव नही, कामात लक्ष नही, आणि मोठ्यांसमोर जीभ आवरत नही. तू माले आवडत नही, कुंदा. पुढं आवडशील असंबी वाटत नही. पण आजपासून तू जे सांगशील, ते मी खरं धरीन.