आचाऱ्याचं प्रकरण

पोस्टातली रांग हलत नव्हती. माझ्यापुढे काखेत जाडजूड पाकीट धरून एक गृहस्थ ताठ उभे होते, शेजारी त्यांची थोरली बहीण.

“तुझी बायको सांगत होती, पहाटे पाचला बूट घालून लिहायला बसतोस. घरात!”

“चपला घातल्या की माणूस चहा करायला उठतो, ताई.”

“आणि काही सुचलंच नाही तर?”

“बसून राहायचं. शत्रू आला नाही म्हणून पहारेकरी घरी जात नाही.”

“फौजेतून सुटलास त्याला तीन वर्षं झाली. चार प्रकाशकांनी कादंबरी परत पाठवली.”

“पाचवा छापतो म्हणालाय.”

“अरे, मग चेहरा असा का?”

“त्याची अट आहे. आचाऱ्याचं प्रकरण गाळायचं. गोष्ट तिथे रेंगाळते म्हणे.”

“मग गाळ की! साहेबांचं मुकाट ऐकायचास ना इतकी वर्षं?”

“ऐकायचो. याचंही ऐकलं. बाकी सगळं तो म्हणाला तसं तीनदा नव्याने लिहिलं. ते प्रकरण तेवढं आहे तसं ठेवलंय.”

“एका आचाऱ्यापायी हातातलं पुस्तक घालवशील.”

“चौकीवरून आम्ही अकरा जण निघालो होतो, ताई. खाली दहा पोचलो. त्याला बर्फात सोडून पुढे चला, असा हुकूम होता. मी पाळला.”

बहिणीने त्यांच्या काखेतल्या पाकिटाकडे पाहिलं.

“या वेळी नाही सोडणार.”

रांग दोन माणसं पुढे सरकली.

“आण ते पाकीट इकडे. पत्ता मी लिहिते. तुझं अक्षर त्या मेल्या प्रकाशकाला लागायचं नाही.”