‘पुढे’चं बटण

लेक : म्हणजे बाबांचं डायलिसिस आज झालंच नाही? आणि हे मला आत्ता सांगतेस, आई?

आई : हळू बोल, नुकता डोळा लागलाय त्यांचा. पाय बघ कसे सुजलेत. सकाळपासून मोबाइल घेऊन बसलेय गं. तू केलेल्या त्या डायलिसिस सेंटरच्या वेबसाइटवर वेळच घेता येईना.

लेक : शक्यच नाही! कालच नवीन मार्गदर्शन टाकलंय मी. कुठे बोट लावायचं ते एकेक करून दाखवतं. तुझ्यासारख्यांसाठीच तर केलं!

आई : हो, आली ना ती चौकट. ‘नमस्कार, चला, वेळ कशी घ्यायची ते बघू’ म्हणाली. मी म्हटलं, चला. तर बाई जागची हलेना.

लेक : अगं, खाली ‘पुढे’ म्हणून बटण आहे.

आई : दाखव मला. हा घे मोबाइल.

लेक : अगं बाई! अक्षरं केवढी मोठी केलीस ही!

आई : मी कुठली करते? डोळ्याच्या ऑपरेशननंतर तूच करून दिलीस.

लेक : मीच... आणि पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये चौकटीची उंचीही मीच बांधून टाकली. मावणार नाही ते कापायचं, म्हणजे नीटनेटकं दिसेल. तुझ्या अक्षरांनी चौकट भरली आणि बटणच कापलं गेलं!

आई : चौकटीच्या मागे काळोखात वेळेचं बटण अंधुक दिसत होतं. दाबून दाबून बोट दुखलं.

लेक : त्या काळोखाखालचं काही दाबलंच जात नाही, आई. मी तसंच केलंय.

आई : मग बंद करायला एखादी फुली तरी ठेवायचीस.

लेक : होती. मी लपवली. लोक न वाचताच पळतात म्हणून. देवा, किती घरांत लोक असे बसले असतील!

(ती फोन लावते.)

लेक : हॅलो, सिस्टर? बाबांना आत्ता आणलं तर मशीन मिळेल? निघालोच. आणि ऐका, ज्यांनी वेळ घेतली नाही त्या सगळ्यांना तुम्हीच फोन करा. वेबसाइट अडलीय. हो, चूक माझीच आहे.

आई : असं कशाला सांगितलंस त्यांना?

लेक : मग काय सांगू? बाबांना धाप लागलेली दिसत होती ना तुला? सेंटरला एक फोन करता आला नाही?

आई : केला होता. त्यांनी विचारलं, वेबसाइट बिघडलीय का? मी म्हटलं, छे हो, माझ्या लेकीनं केलीय ती, मलाच येत नाही. आणि ठेवून दिला.